आपलपोटी

माझ्या भाचीला आम्ही टिटवी म्हणतो. जन्मल्यापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलेलं नाही. होड्यांच्या शेडमध्ये दहा माणसं एका वेळी लाकूड तासत असली तरी त्या ठोकाठोकीच्या वर तिचाच आवाज ऐकू येतो. म्हणून ती गप्प झाली तेव्हा नाडी बघायची गरजच पडली नाही. माझ्या वडिलांनी हातातला तासायचा वाकस खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरगी सकाळपासून बोललेली नाही. हिला काहीतरी झालंय."

अकरा वर्षांची पोर, आणि उठल्यावर तिला मूठ वळता येईना. नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा पसरलेला, कुणी दोन्ही हातांनी थोबाडीत मारल्यासारखा. तोंडात फोड, अंगात बारीक ताप, आणि वहिनी, म्हणजे तिची आई, वेणी घालायला बसली की फणीत केसांचा पुंजका.

आम्ही तळ्याकाठची माणसं. होड्या बांधतो, मासे धरतो. शहर पुष्कळ नंतर आलं, आम्ही आधीपासून इथेच आहोत. पण दवाखाना शहराबरोबर आला, त्यामुळे आजारी पडलं की आम्हीच पाहुण्यासारखे दारात उभे असतो. जवळच्या दवाखान्यात पहिल्यांदा सांगितलं, ऊन लागलंय, हे मलम लावा. दुसऱ्यांदा टेबलामागच्या माणसानं मान वरसुद्धा केली नाही. म्हणाला, "स्वच्छता पाळा जरा. पोरीला तोंड धुवायला शिकवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, आमचं घर पाण्यात उभं आहे," मी म्हटलं. "आमच्यात माणूस आधी धुतला जातो आणि मग जागा होतो." आणखीही बरंच म्हणणार होते, पण वहिनीनं दंड धरून मला बाहेर ओढलं. वहिनी गरीब स्वभावाची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. टेम्पो चालवणाऱ्या बाईला तो तिथेच ठेवावा लागतो, खाली उतरवला तर लोक गाडी पुढे जाऊ देत नाहीत.

तिसऱ्यांदा आम्ही त्या दाराशी गेलोच नाही. टिटवीचे पाय सुजले, लघवीला साबणाच्या पाण्यासारखा फेस यायला लागला. दादा, म्हणजे तिचा बाप, लाकूड आणायला वरच्या जंगलात गेलेला, तो महिन्यातून एकदा उगवतो. मी टेम्पोतल्या फळ्या उतरवल्या, मागे गादी टाकली, वर ताडपत्री बांधली, मायलेकींना बसवलं आणि मोठ्या इस्पितळाचा रस्ता धरला. अर्धा दिवस लागतो. वाटेत टिटवी एक शब्द बोलली नाही आणि मी अख्खा रस्ता शिव्या देत होते.

तिथली डॉक्टरीणबाई बुटकी, भराभर बोलणारी, पण समोरचं माणूस बोलायला लागलं की एकदम थांबून ऐकणारी. तिनं टिटवीचे गाल पाहिले, बोटांचे सांधे दाबले, लघवी तपासायला पाठवली, पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढायला लावला. मग आम्हाला बसवून सांगितलं, ह्या आजाराला ल्युपस म्हणतात.

"आपल्या शरीरात राखणदार असतात," ती म्हणाली. "बाहेरून रोग आला की त्याला हाकलतात. हिच्या शरीरात ते राखणदार घरच्याच माणसांना चोर समजून बडवतायत. आधी सांध्यांना बडवलं, कातडीला बडवलं, आता मूत्रपिंडं धरलीत."

"हिनं काही खाल्लं होतं का? आमचं काही चुकलं का?" वहिनीनं विचारलं.

"काही चुकलं नाही. हा कुणाकडून लागत नाही, कुणाच्या चुकीनं होत नाही. तुमच्यासारखे जे मूळचे लोक असतात ना, त्यांच्या मुलांमध्ये हा जरा जास्त दिसतो, आणि झाला की मूत्रपिंडापर्यंत लवकर जातो. का, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही. शिवाय तुम्ही लोक येता उशिरा."

"येतो वेळेवर," मी म्हटलं. "आत घेतात उशिरा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, हिचाही राग नाकावर येणार. तर तिनं पेन उचललं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. कधी कधी गेला होतात, काय काय म्हणाले, सगळं सांगा मला." त्या दिवसापासून ती बाई मला आवडते, आणि मला माणसं सहसा आवडत नाहीत.

टिटवीला काही दिवस ठेवून घेतलं, सलाइनमधून औषध दिलं. निघताना पिशवीभर गोळ्या मिळाल्या. सकाळची एक, रात्रीची एक, आणि न्याहारीनंतर रोज आठ बारीक पांढऱ्या. ह्या पांढऱ्यांवर सगळा भार, डॉक्टरीणबाईनं बजावलं. एकही चुकवायची नाही आणि मनानं बंद तर मुळीच करायच्या नाहीत. उन्हात जायचं नाही. पाण्यावरून उसळून येणारं ऊन तर त्याहून वाईट. तळ्याकाठच्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला सांगणं की ओलं होऊ नकोस. पण बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेडच्या तळ्याकडच्या बाजूला जुन्या शिडांचं कापड ताणून बांधलं आणि तिची बसायची जागा आत, फळ्यांच्या थप्पीमागे केली.

पहिले काही आठवडे सोन्यासारखे गेले. टिटवीची मूठ वळायला लागली. तिनं पटाशी हातात धरली. एक दिवस मी फळ्या भरायला गेले तर शेडमध्ये कुणी काय चुका केल्या ते ती मोठमोठ्यानं सगळ्यांना सांगत होती, आणि ज्यांच्या चुका होत्या तेच हसत होते. वहिनी त्या दिवशी मासे वाळत घालता घालता रडली. मी म्हटलं, "वहिनी, खारे मासे आणखी खारे करू नका."

पण दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात ते उगाच नाही. मुंगी मधेच उलटी फिरली. लघवीला पुन्हा फेस दिसायला लागला. आम्ही तपासणीला गेलो तर लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांचा आकडा वाढलेला. पुढच्या वेळी आणखी वाढलेला. डॉक्टरीणबाई कागदाकडे बघायची, मग टिटवीकडे बघायची, मग पुन्हा कागदाकडे.

"गोळ्या नीट देता ना?" तिनं वहिनीला विचारलं.

"रोज माझ्या हातानं आठ मोजून हिच्या तळहातावर ठेवते," वहिनी म्हणाली. वहिनी खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही, कान लाल होतात.

"मला हेच कळत नाहीये. ह्या गोळ्यांनी मुलांचा चेहरा गोल होतो, गाल फुगतात. भूक इतकी लागते की आया तक्रार करतात. हिचं तसलं काहीच नाही. म्हणजे औषध हिला लागूच पडत नाहीये." तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "तीन आठवडे थांबूया. तोवर आकडा खाली आला नाही तर हिला इथे दाखल करायचं, कित्येक महिने. जास्त जहाल औषध, शिरेतून. त्याचे त्रास वेगळे. आणि त्यानंही नाही झालं तर मूत्रपिंडं जातील. मग यंत्रावर रक्त धुवावं लागेल, आयुष्यभर."

टिटवी खिडकीबाहेर बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. परतीच्या रस्त्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, "आत्या, यंत्र तळ्यावर आणता येतं का?" मी म्हटलं, नाही येत. त्यानंतर मला शिव्यासुद्धा सुचल्या नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. बाबांनी भात मागितला. वहिनीनं वाढला. त्यांनी पुन्हा मागितला. वहिनीनं पातेलं खरवडून वाढलं, तर ते म्हणाले, "एवढाच?"

माझे वडील म्हणजे काठीला सदरा घातलेला माणूस. चिमणीएवढं जेवण. मी घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. रोज बघतो त्या तोंडाकडे आपण कुठे बघतो? गाल टच्च फुगलेले. हनुवटी गळ्यात बुडालेली. सुरकुत्या कुणी इस्त्री फिरवल्यासारख्या गेलेल्या. सगळा चेहरा ताटासारखा गोल.

"बाबा," मी म्हटलं, "तुमची बोटं कशी आहेत हल्ली?"

"एकदम झकास!" त्यांनी दोन्ही हात पुढे करून बोटं उघडझाप करून दाखवली. दोन वर्षं ज्या बोटांनी वाकस धरताना ते ओठ चावत होते ती बोटं. "तरुण झालोय मी. उद्या एकटा होडी उलटी करून दाखवतो."

टिटवीनं ताटात मान घातली.

मी काही बोलले नाही, हे माझ्या दृष्टीनं मोठंच काम होतं. सकाळी वहिनीनं आठ गोळ्या मोजून टिटवीच्या हातावर ठेवल्या आणि स्वतः मासे वाळवायच्या ओट्याकडे गेली. टिटवी मूठ मिटून शेडकडे निघाली. मी मागोमाग. ती फळ्यांच्या थप्पीमागे जाऊन बाबा आणि मोठी काकू ह्यांच्या मधे बसली. मोठी काकू आमच्या शेजारची, शिडं शिवते, तिची बोटं तर आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी. टिटवीनं मूठ उघडली. तीन आजोबांना, दोन काकूला, तीन स्वतःला. पाण्याचा तांब्या फिरला. शेंगदाणे वाटून खावेत इतक्या सहज तिघं गोळ्या गिळून मोकळे झाले.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

"औषध घेतोय," बाबा म्हणाले.

"कुणाचं?"

"घराचं." त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "एवढी पिशवी भरून दिली त्यांनी. एवढ्याशा पोरीला एवढ्या गोळ्या कोण देईल? घरात आणखी कुणाचे सांधे दुखत असतील ह्याचा विचार करूनच दिल्या असणार. शहाणी आहे ती बाई."

ह्याला हसावं की रडावं मला कळेना. पण तुम्हाला आमची रीत माहीत नाही म्हणून सांगते. आमच्यात चोराला माफ करतात, खोटारड्याला माफ करतात, पण एकट्यानं खाणाऱ्याला नाही. दारात आलेली वस्तू जेवढी तोंडं तेवढ्यांत वाटायची. एक मासा मिळाला तरी शेपटीचा तुकडा शेजारी जातो. आमच्या पोरांना बोलायला लागायच्या आधी वाटायला शिकवतात, आणि आमच्याकडे सगळ्यांत वाईट शिवी आहे आपलपोटा. टिटवीची बोटं गोळ्यांनी मोकळी झाली आणि शेजारी आजोबा ओठ चावत बसलेले. तिनं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? तिनं तिला शिकवलं होतं तेच केलं. वहिनी बिचारी मोजून देत होती आणि इकडे ही वाटणी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी म्हण आहे. बापाला कुत्रं म्हणायचं नाही म्हणून मी ती मनातच म्हटली.

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाली, तीन आठवडे म्हणजे काय, यंत्र म्हणजे काय. बाबांचा फुगलेला चेहरा माझ्या डोळ्यांदेखत राखेसारखा झाला. ते उठले, शेडच्या टोकाला गेले आणि घशात बोटं घालायला लागले. "पोरीच्या तोंडचं काढून खाल्लं मी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मोठी काकू जमिनीवर बसली ती उठेनाच. आणि टिटवी, जिला ह्या सगळ्यात वाचवायचं होतं, ती कमरेवर हात ठेवून माझ्यावर ओरडली, "तू आजोबांना का रडवलंस?"

मी डॉक्टरीणबाईला फोन लावला. वाटणीचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती आम्हाला अडाणी म्हणणार. मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

"म्हणजे औषध हरलेलं नाही!" ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आनंदानं. "औषध हिच्या पोटात पुरतं गेलंच नाही! अहो, ही फार चांगली बातमी आहे." आणि लगेच सूर बदलला. "त्या दोघांना सांगा, एकदम बंद करायच्या नाहीत. दोन-दोन महिने घेतल्यावर एकदम सोडल्या तर माणूस कोसळतो. दोघांना घेऊन या. हळूहळू कमी करू. आणि तीन आठवडे आजपासून मोजू, पण आता रोज आठच्या आठ."

माझं उत्तर वाया गेलं. मी दोघा म्हाताऱ्यांना टेम्पोत घातलं. डॉक्टरीणबाईनं त्यांची साखर तपासली, रक्तदाब तपासला, सांध्यांसाठी वेगळं औषध दिलं आणि पांढऱ्या गोळ्या कमी कमी करत न्यायला सांगितल्या. बाबा तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते. "आजोबा, तुम्ही चोरी केली नाहीत," ती म्हणाली. "मीच नीट सांगायला हवं होतं." बाबा म्हणाले, "तुम्ही नीटच सांगितलं होतं. आम्ही आमच्यासारखं ऐकलं."

मला वाटलं, संपलं. आता मोजून आठ, आणि तीन आठवडे. कसलं काय! चौथ्या दिवशी मोठी काकू दारात उभी. तिच्या वाकड्या तळहातावर पाच पांढऱ्या गोळ्या.

"मला देऊन पळाली," काकू म्हणाली. "मी नको म्हटलं तर रडायला लागली. मी काय करू ग?"

मी टिटवीला धरलं. रागावले, धमकावलं, यंत्राची भीती घातली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "आजोबांना आता दोनच मिळतात. काकूला एकच. काकूला परवा सुई धरता आली नाही. आणि मी आठ खायच्या? त्यांच्यासमोर बसून?"

"त्यांच्यासमोर नको, घरात बसून खा."

"लपून?" तिनं असं विचारलं की मलाच लाज वाटली. "मी आपलपोटी नाहीये, आत्या."

वहिनीनं जवळ घेऊन समजावलं. तिच्या तोंडात गोळ्या घालून समोर बसून राहिली. टिटवीनं गिळल्या आणि अर्ध्या तासानं ओकून टाकल्या. मुद्दाम नाही, हे तिच्याकडे बघून कळत होतं. घास घशाखाली उतरायला नुसता घसा पुरत नाही. एक आठवडा असाच निघून गेला. मी टेम्पो चालवत होते, फळ्या पोचवत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, की पोरगी चांगल्या वळणापायी जाणार. एखादी वाईट वळणाची पोर असती तर केव्हाच बरी झाली असती. देवालासुद्धा मी हे दोन-चारदा ऐकवलं.

बाबा त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हते. शेडच्या कोपऱ्यात बसून काहीतरी खुडबुडत असायचे. मग एका सकाळी कामाला सुरुवात व्हायच्या आधी त्यांनी सगळ्यांना थांबवलं. मलाही बोलावून घेतलं.

आमच्या शेडच्या मागच्या भिंतीवर लाकडी खुंट्या आहेत. प्रत्येक कारागिराची आपली खुंटी, तिच्यावर त्याचा वाकस, त्याची पटाशी, त्याचा हातोडा. घरातलं ताट कुणीही उचलावं, होडी कुणीही न्यावी, पण दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही. बाप मुलाचा वाकस घेत नाही, नवरा बायकोची पटाशी घेत नाही. हत्याराची मूठ एका हाताला झिजलेली असते. दुसऱ्यानं धरली की घाव तिरका पडतो, बोटं जातात. मोठं होऊन पहिली होडी बांधली की खुंटी मिळते, त्याआधी नाही.

बाबांनी नवी खुंटी ठोकली. बरीच खाली, टिटवीच्या खांद्याएवढ्या उंचीवर. तिच्यावर त्यांनी एक डबी अडकवली, लाकडाची, हातात मावेल एवढी, सरकत्या झाकणाची. आत गोळ्या होत्या.

"ही कुणाची?" टिटवीनं विचारलं.

"तुझी."

"मी अजून होडी बांधली नाही."

"बांधतेयस की." बाबांनी तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर हात ठेवला. "ही गळतेय. आतून बुजवायला हवी. हे काम मला येत नाही, तुझ्या आत्याला येत नाही, त्या डॉक्टरीणबाईलासुद्धा बाहेरूनच येतं. तुझ्याशिवाय कुणी आत जाऊ शकत नाही. आणि त्याचं हत्यार हे."

टिटवी विचारात पडली. तिला फसवणं सोपं नाही. "पण ह्या तर खायच्या असतात, आजोबा."

"तोंडात गेलं ते सगळं खाणंच असतं का ग?" बाबांनी शेजारच्या डब्यातून चार खिळे उचलले आणि काम करताना आम्ही सगळेच धरतो तसे ओठांत धरले. त्या खिळ्यांमधूनच ते बोलले, "हे बघ. कधी कुणी म्हणालंय का, मला पण दे दोन?"

कुणीतरी खुदकन हसलं. टिटवी हसली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे, त्या खिळ्यांकडे बघत होती. मग तिनं मोठ्या काकूकडे पाहिलं. काकूनं आपले वाकडे हात पदराखाली घेतले नाहीत. ते मांडीवर उघडे ठेवून ती म्हणाली, "माझी सुई मी तुला कधी दिलीय का? नाही ना? मग तुझं तुझ्याजवळ ठेव. आणि कामाला लाग, बाई. ऊन वर आलं."

टिटवीनं डबी काढली, झाकण सरकवलं. आठ गोळ्या हातावर घेतल्या. सगळी शेड उभी होती, हातात हत्यारं घेऊन, आणि एकालाही कुठे बघावं ते कळत नव्हतं. आमच्यात असं कुणी कुणाला एकट्यानं तोंड हलवताना बघत नाही. तिनं एक घेतली. दुसरी घेतली. तिसरीनंतर तिचा हात सवयीनं आजोबांकडे वळला आणि मधेच थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही, आणि मी ते पुसलं नाही. मी मनात म्हणत होते, खा ग बाई, खा, एकदा तरी हावरटासारखी खा. तिनं आठवी गिळली, डबी खुंटीला अडकवली आणि नाक पुसत म्हणाली, "आता काय बघताय सगळे? कामं नाहीत का तुम्हाला?"

ठोकाठोकी सुरू झाली.

त्यानंतर तिनं ओकून टाकलं नाही. तपासणीचा दिवस येईपर्यंत तिचे गाल फुगायला लागले होते आणि भात दोनदा मागायला लागली होती. दर वेळी वहिनी पातेलं खरवडून वाढायची. बाबांचे गाल मात्र उतरत होते. आमच्या घरातला चंद्र एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर जात होता. पण गाल म्हणजे मूत्रपिंड नव्हे, हे मला कळत होतं.

इस्पितळात लघवी तपासायला दिली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. पंखा वरच्या वर फिरत होता, खाली वारा येत नव्हता. समोरच्या बाकावर एक मुलगी येऊन बसली, टिटवीपेक्षा थोडी लहान. वरच्या डोंगरातली, त्यांच्या कपड्यांवरून कळलं. गालांवर तोच लाल चट्टा. तिची आई आत डॉक्टरांशी बोलत होती, आणि मुलीच्या मांडीवर गोळ्यांची कोरी पिशवी होती. तिला त्या पिशवीची गाठ सोडता येत नव्हती. बोटं वळत नव्हती.

टिटवी तिच्याकडे बघायला लागली. मग तिचा हात खिशाकडे गेला. डबी तिच्या खिशात होती. वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

टिटवी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. डबी काढली, उघडून दाखवली, बंद केली आणि परत खिशात ठेवली. "ह्या माझ्या आहेत," ती बाजारच्या भाषेत म्हणाली, जी डोंगरातल्यांनाही येते. "ह्यातली देणार नाही. पण पिशवी सोडून देते, आण."

तिनं गाठ सोडली. पांढऱ्या गोळ्या ओळखून बाहेर काढल्या. "ह्या. ह्या घेतल्या की तोंड असं होतं." तिनं गाल फुगवून दाखवले. "लोक हसतात. हसू देत. केस परत येतात. उन्हात जायचं नाही. आणि ह्या वाटायच्या नाहीत."

मुलीनं पिशवी छातीशी धरली. "मला लहान बहीण आहे," ती हळूच म्हणाली. "तिचे गुडघे दुखतात."

"मग तिला इथे आण," टिटवी म्हणाली. "तिच्या तिला मिळतील. पण तुझ्या तू खायच्या. सगळ्यांसमोर बसून खायच्या. पहिल्या दिवशी रडू येतं."

"मग?"

"मग नाही येत."

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आली. हातात कागद होता. तिनं आधी आमच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहराच सांगत होता. "निम्म्यावर आलाय," ती म्हणाली. "अजून पुष्कळ वाट चालायची आहे. पण दाखल करायची गरज नाही. मूत्रपिंडं सावरतायत."

वहिनीनं तिथेच बाकावर तोंड झाकून घेतलं. मी डॉक्टरीणबाईला मिठी मारली, टेम्पोचं तेल लागलेल्या कपड्यांनिशी. तिनं माझ्या खांद्यावरून हाक मारली, "टिटवी, आत ये बघू. तुझ्यासाठी चांगली बातमी आहे."

"आले," टिटवी मान न वळवता म्हणाली. "जरा थांबा ना डॉक्टर. हिला तोंडातल्या फोडांचं सांगायचं राहिलंय."

डॉक्टरीणबाईनं घड्याळाकडे पाहिलं. मग ती बाकाच्या टोकाला बसली आणि थांबली.